दौंडचे सुप्रसिद्ध झांजपथक

ललिता गायला लागली की शेजारणी तिच्या आईकडे ज्येष्ठमधाची कांडी आणून द्यायच्या. पोरीचा आवाज बसलाय, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं. त्या काळी मुलीचा आवाज कसा, तर उंच, बारीक आणि सुईत ओवता येईल असा. ललिताचा आवाज खालून यायचा. पाणी पिऊन झाल्यावर इंजिन उभ्या उभ्या सुस्कारा सोडतं ना, तसा. सोळा वर्षांच्या पोरीच्या गळ्यात कुणी चाळिशीची बाई राहायला आली होती आणि जाण्याचं नाव घेत नव्हती.

ललिता जॅझ गायची. पंचाहत्तर साली दौंडच्या रेल्वे कॉलनीत हा शब्द बोलता येणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी उरली होती. रुळांपलीकडे, बाजारपेठेपासून दूर, कौलारू बंगल्यांच्या रांगेत पूर्वी अँग्लो-इंडियन ड्रायव्हर आणि गार्ड राहायचे. एकेक घर परदेशी निघून गेलं. उरल्या होत्या डिक्रूझ आंटी. मेल गाडीच्या ड्रायव्हरच्या विधवा. त्यांच्या पुढच्या खोलीत एक पियानो होता, एक अकॉर्डियन होतं आणि काळ्या तबकड्यांचा ढीग होता. बारा वर्षांची असताना ललिता त्यांची वाटी परत द्यायला गेली, ती खऱ्या अर्थाने परत आलीच नाही.

संध्याकाळी यार्डात शंटिंग चालायचं. डबा डब्याला भिडायचा आणि तो आवाज रांगेतून पुढे पुढे जात पार सिग्नलपाशी विरून जायचा. धुराला सोनेरी कड यायची. त्या वेळी आंटींच्या खिडकीतून ललिताचं गाणं निघायचं. मध्येच शब्द सोडून ती नुसतंच ‘डुवा डुवा ढक्, शू बा ढक्’ असं काहीतरी म्हणत जायची, डबे शोधत फिरणाऱ्या इंजिनासारखी. रस्त्याने जाणारा माणूस सायकलवरून उतरायचा. का उतरलो ते न कळून पुन्हा चढायचा.

तिचे वडील हौशीराम सोनवणे मालधक्क्यावर हेडक्लार्क होते. भाषेच्या बाबतीत फार काटेकोर. ‘ठेसन’ म्हणणाऱ्याला ते ‘स्टेशन’ असं दुरुस्त करूनच पुढे बोलायचे, मग समोरच्याची गाडी सुटली तरी बेहत्तर. कॉलनीत ‘जॅझ’ हा शब्द स्वच्छ उच्चारणारे आंटींनंतर तेच. गाण्यातलं त्यांना फारसं कळायचं नाही, पण उच्चारातलं कळायचं, आणि त्यांच्या मते निम्मी लढाई तिथेच जिंकलेली असते.

शेजारचे चांगदेव पॉइंट्समन, यार्डात रुळांचे सांधे बदलणारे, यांचं मत निराळं होतं.

“साहेब, राग मानू नका,” ते एकदा कुंपणावर हात ठेवून म्हणाले. “पोरगी गाती झ्याक. पर मधीच शब्द इसरती.”

“विसरत नाही ती. ते तसंच असतं.”

“आसंल. पर लोकांच्या ध्यानात येतं वो. डुबा डुबा म्हणून किती येळ मारून न्यायचं? म्या काय म्हंतो, खडूनं पाटीवर मोठं मोठं लिवू. म्या समोर धरून हुबा ऱ्हातो.”

हौशीरामांनी त्यांना जॅझमधल्या निरर्थक बोलांचं महत्त्व समजावून सांगितलं. चांगदेवांनी ते सगळं ऐकून घेतलं आणि पाटी लागली तर सांगा म्हणाले.

एप्रिलच्या तोंडाशी कळलं की आंटी चालल्या. मुलगा ऑस्ट्रेलियात होता, त्याने बोलावलं होतं. पियानो कुणीतरी बघून गेलं. हौशीराम आणि त्यांची बायको सिंधूबाई भेटायला गेले, तेव्हा आंटी तबकड्यांना जुने फ्रॉक गुंडाळत होत्या. त्यांचं मराठी रेल्वेतल्या खलाशांकडून आणि भाजीवाल्यांकडून आलेलं. त्यात शिव्या शुद्ध होत्या आणि लिंगं अशुद्ध.

“हौशीराम, मला एक गोष्ट पायजे,” आंटी म्हणाल्या. “चार वर्ष हा पोरगी गातो, मी वाजवते. माझा तोंड पियानोकडे, तिचा आवाज माझ्या पाठीवर. एक टाइम मला समोर बसायचा. खुर्चीत. पब्लिकमधी. ती स्टेजवर, मी खाली. मग मी जाणार.”

सिंधूबाईंनी डोळ्याला पदर लावला. हौशीराम खुर्चीतून उठले आणि म्हणाले, “आंटी, तो माझा शब्द.”

शब्द देऊन बाहेर आल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की कॉलनीतल्या हॉलचं छप्पर दुरुस्तीसाठी उतरवलं आहे आणि स्टेजवर सिमेंटच्या गोण्या आहेत. छप्पर दिवाळीला चढायचं होतं. आंटी मे महिन्यात चढणार होत्या, जहाजात.

मग त्यांना मेहुणा आठवला. सिंधूबाईंचा धाकटा भाऊ संपत शिरूरला एका ऑफिसात शिपाई होता आणि तिथल्या जयंती कमिटीत होता. चौदा एप्रिलला बाबासाहेबांची जयंती म्हणजे दुपारी मिरवणूक, संध्याकाळी स्टेज, माइक, गाण्याचा कार्यक्रम, सगळी वस्ती समोर. आपल्या माणसांसमोर आपली मुलगी गाईल. याहून चांगलं काय?

एकच अडचण होती. रेल्वेच्या पासावर हौशीराम थेट हावड्यापर्यंत जाऊ शकत होते, पण शिरूरला रेल्वेच नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा मुलीसाठी प्रवास करायचा आणि तोही एस.टी.ने, हे त्यांना आत कुठेतरी लागलं.

पोस्टातून ट्रंक कॉल लावला. लाइनवर कुणीतरी भजी तळत असल्यासारखा आवाज येत होता.

“संपत, जयंतीच्या कार्यक्रमात आपल्या ललिताचं जॅझ ठेवायचं आहे.”

“काय ठेवायचं हाय?”

“जॅझ. जहाजातला ज. झबल्यातला झ.”

“झबलं? दाजी, कुणाला बाळ झालं?”

“अरे बाळ नाही. संगीत. वाद्यावरचं. जॅझ.”

भजी जोरात तळली गेली. मग संपतचा आवाज आला, “आस्सं व्हय, झांज.”

हौशीरामांना ‘जॅझ’च ऐकू आलं. माणूस जे ऐकायला बसलेला असतो ते त्याला ऐकू येतंच. “हां, आता बरोबर बोललास,” ते म्हणाले.

“मग सरळ बोलायचं की दाजी. कमिटीला कवाधरनं पायजेच हाय. किती जण येताय?”

“पूर्ण तयारीनिशी येतो,” हौशीराम म्हणाले. पोस्टातली सगळी माणसं ऐकत होती, तेव्हा ‘तिघं’ हा आकडा त्यांना जरा पोरका वाटला.

चार दिवसांनी एका एस.टी. ड्रायव्हरकडून निरोप आला. ठरलं, समद्यांनी पांढरी कापडं घालून या, आन् पायात बळकट चपला घाला. चपलांचं हौशीरामांना कळलं नाही. पण स्टेज उंच असेल, असं त्यांनी सिंधूबाईंना सांगितलं.

निघायच्या आदल्या दिवशी सगळी कॉलनी सल्ले घेऊन आली. घोडनदीचं पाणी गळ्याला बाधतं, घरचं न्या. घोडनदीचं पाणी गळ्याला फार चांगलं, घरचं नेऊ नका. शिरूरला कुणी शिरूर म्हणत नव्हतं. घोडनदीच म्हणायचे. हौशीराम प्रत्येकाला दुरुस्त करत राहिले. ललिता या सगळ्यात कुठेच नव्हती. ती मागच्या पायरीवर बसून एक नवं गाणं मनात जुळवत होती. ते फक्त आंटींनी ऐकलं होतं. आई-वडिलांनी विचारलं तर ती म्हणायची, “तिथंच ऐका.” हौशीरामांची समजूत होती की ते इंग्रजी असावं.

चौदा तारखेला सकाळी तिघं बसमध्ये बसली. सिंधूबाई मागे राहिल्या, कारण कॉलनीतल्या जयंतीचा स्वयंपाक त्यांच्याकडे होता. आंटींनी पांढरा फ्रॉक आणि फितीची टोपी घातली होती. खाली खुर्चीत, ललिताकडे तोंड करूनही वाजवता येईल म्हणून घेतलेलं अकॉर्डियन पोत्यात गुंडाळून सीटखाली ठेवलं. चौफुल्याला बस बदलली. पुढचा रस्ता खड्ड्यांचा होता आणि प्रत्येक खड्ड्याला सीटखालून ‘मॅंऽऽ’ असा आवाज यायला लागला.

कंडक्टर मागून पुढे आला, वाकला, म्हणाला, “शेळी कुणाची हाय?”

पुढचा खड्डा आला. ‘मॅंऽऽ.’

“हे बघा, शेळीला तिकीट पडतं. कुणाची हाय त्यानं सांगावं, न्हाईतर गाडी इथंच हुबी.”

“ती शेळी नाही,” हौशीराम मान ताठ करून म्हणाले. “ते अकॉर्डियन आहे.”

“आसंल. शेळ्यांस्नी काय काय नावं ठिवत्यात लोक.”

सगळी बस हसली. मालधक्क्याच्या हेडक्लार्कला इतकी माणसं एकदम हसण्याचा हा पहिलाच प्रसंग. त्यांनी पोतं सोडायला घेतलं, तेवढ्यात डुलकी लागलेल्या आंटी जाग्या झाल्या. त्यांनी काही न विचारता अकॉर्डियन छातीशी घेतलं, पट्टे खांद्यावर चढवले आणि वाजवायला लागल्या. हळू, झोपेतून उठलेल्या माणसासारखं. खिडकीशी बसलेली ललिता बाहेर बघत त्यावर गुणगुणायला लागली. उसाचे पट्टे गेले. भीमेचं पाणी उन्हात पातळ होऊन चमकत होतं. पाण्यात उभ्या म्हशी वळून बघत राहिल्या. ड्रायव्हरने, कुणी सांगितलं नसताना, गाडी हळू केली. बसमध्ये मांडीवरच्या पाट्या, कोबीचे गड्डे, झेंडूची पोती घेऊन बसलेली माणसं थोडा वेळ कुठेच जात नव्हती. न्हावऱ्याला कुणाला उतरायचं होतं, तेही गाव मागे पडल्यावर कुणाच्यातरी लक्षात आलं.

कंडक्टरने मात्र लगेजचं तिकीट फाडलंच. “शेळी न्हाई हे मान्य,” तो म्हणाला. “पर वरडतंय तर खरं.”

शिरूरच्या स्टँडवर उतरल्याबरोबर हौशीरामांना वस्तीच्या कमानीवर ताणलेलं कापड दिसलं. ठसठशीत निळी अक्षरं होती. ‘दौंडचे सुप्रसिद्ध झांजपथक. सहर्ष स्वागत.’

“आप्पा,” ललिता म्हणाली, “आपल्याबरोबर कुणाचं पथक आलंय?”

हौशीरामांनी मागे वळून पाहिलं. मागे फक्त आंटी होत्या, टोपी सारखी करत असलेल्या.

संपत धावत आला, पाया पडला, आणि मग बसच्या दारातून आत डोकावला. आत कुणी नव्हतं.

“दाजी, पोरं मागच्या गाडीनं येत्यात का?”

“कुठली पोरं?”

“झांजवाली.”

मग कमानीखाली उभं राहून दोघांनी त्या ट्रंक कॉलची पुन्हा उजळणी केली. जहाज निघालं, झबलं निघालं. “तुमीच म्हणला, बरोबर बोललास,” संपत रडवेला होऊन म्हणाला. आयुष्यभर दुसऱ्यांचे शब्द दुरुस्त करणाऱ्या माणसाने नेमका तोच शब्द पास केला होता.

तेवढ्यात कमिटीचे अध्यक्ष आले. सुभेदार पोपटराव, फौजेतून निवृत्त झालेले. मिशा आणि कपडे, दोन्ही इस्त्री केलेले. त्यांनी तिघांना कडक जयभीम घातला आणि तिघांची मोजणी करायला काही वेळच लागला नाही.

“हे पथक?”

“गैरसमज झाला आहे,” हौशीराम म्हणाले. “माझी मुलगी जॅझ गाते. पाश्चात्त्य संगीतातला एक अत्यंत—”

“साहेब, वीस पोरांचं जेवण केलंय. हँडबिलावर झांज छापलीय. छापलंय ते झालंच पायजे. कमिटीचा शब्द हाय.”

“पण आम्ही गायला आलो आहोत.”

पोपटरावांनी विचार केला. माणूस कडक होता, वाईट नव्हता. “मिरवणुकीत झांज वाजवा. संध्याकाळी पोरीला एक गाणं देतो. एकच. फुडं कव्वालीची पार्टी हाय.”

हौशीरामांनी आंटींकडे पाहिलं. त्या कमानीवरची अक्षरं बोटाने वाचायचा प्रयत्न करत होत्या आणि खूश दिसत होत्या. हौशीराम म्हणाले, “ठीक आहे.”

आधी जेवण. वीस जणांच्या बुंदीपुढे तीन माणसं बसली आणि वाढणाऱ्यांनी हिशेब चुकता केल्याशिवाय उठू दिलं नाही.

मग दुपारच्या उन्हात मिरवणूक निघाली. पुढे ट्रकवर बाबासाहेबांची हार घातलेली तसबीर. मागे लेझीमची पोरं. त्यांच्यामागे कापडाचा एक फलक, ‘झांजपथक, दौंड’, आणि त्यामागे हौशीराम सोनवणे, टेरिकॉटच्या पांढऱ्या शर्टात, दोन्ही हातांना झांजेच्या दोऱ्या गुंडाळलेल्या. बळकट चपलांचा उलगडा त्यांना आत्ता झाला.

झांज वाजवणं त्यांना सोपं वाटलं होतं. दोन वाट्या, एकमेकींवर आपटायच्या. पण हौशीराम विचार करणारे होते. ताशा वाजला की आधी तो वाजला याची ते खात्री करून घ्यायचे, आणि मग आपटायचे. तोवर ताशा पुढे गेलेला असायचा.

“दौंड,” पोपटराव ओरडले. त्यांनी पथकाला गावाच्याच नावाने हाक मारायची ठरवली होती. “दौंड, तुमी लेट हाय.”

“रेल्वेचा मानूस हाय, लेटच येनार,” लेझीमवाल्यांतला एक म्हणाला, आणि ते सगळ्या मिरवणुकीला आवडलं. पुढच्या चौकात ते वाक्य मिरवणुकीच्या आधीच जाऊन पोचलं होतं. गॅलऱ्यांतून बायका विचारायच्या, लेट गाडी कंची? आणि माणसं हौशीरामांकडे बोट दाखवायची. घामाने चष्मा घसरत होता आणि तो वर करायला हात मोकळा नव्हता.

आंटी मात्र रंगात आल्या होत्या. गळ्यात अकॉर्डियन, डोक्यावर टोपी, लेझीमच्या तालावर त्या पोरांच्या मधून चालत होत्या. पोरांनी त्यांना मध्ये घेतलं. कुणीतरी टोपीवर गुलाल टाकला. आणि बाजाराच्या वळणावर ट्रक मागे घेताना त्याच्या मागच्या फाळक्याचा आकडा अकॉर्डियनच्या भात्यात अडकला. ट्रक परत पुढे गेला. भाता चरचरत उकलला. मोठं जनावर शेवटचं ओरडावं तसा एक लांब आवाज निघाला आणि थांबला.

ताशा बंद पडला. आंटी हातातली दोन टोकं बघत उभ्या राहिल्या.

“हवाच निघतीय ना?” संपत म्हणाला. “मग पंक्चरवाल्याकडं नेऊ.”

सायकलवाल्याने मनापासून प्रयत्न केला. रबराची ठिगळं कापली, सोल्यूशन लावलं. मग म्हणाला, आजून कुठंतरी गळतंय, घमेल्यात बुडवून बघू, बुडबुडं आलं की कळंल. त्याने घमेलं ओढलं तेव्हा आंटींनी अकॉर्डियन हिसकावून घेतलं आणि त्याला एक खलाशी शिवी दिली, अगदी शुद्ध. नंतर त्या अकॉर्डियन मांडीवर घेऊन त्याच्याच बाकड्यावर बसल्या.

उन्हं कलली. स्टेजपुढे ताडपत्र्या अंथरल्या, माणसं येऊन बसायला लागली. माइकमध्ये कुणीतरी फुंकर मारत होतं. स्टेजमागच्या पडद्याआड ललिता भिंतीला टेकून उभी होती.

“आंटी नाही वाजवणार तर मी नाही गाणार,” ती म्हणाली.

“बाजाच नाही तर कसा वाजवू?” आंटी म्हणाल्या. “आणि बिना बाजाचा तू कसा गाशील. चला हौशीराम. घरी जाऊ. मी हिचा आवाज पाठीवर ऐकला, तेच खूप झाला.”

त्या हसून म्हणाल्या, आणि ते हौशीरामांना शिवीपेक्षा लागलं. त्यांनी शब्द दिला होता. गाडी चुकली तर दुसरी गाडी असते. पण मे महिन्यानंतर या बाईंसाठी दौंडची कुठलीच गाडी नव्हती.

कव्वालीच्या पार्टीतल्या ढोलकीवाल्याने चांगुलपणाने ढोलकी पुढे ओढली. “गा बाई, म्या धरतो.” ललिता दोन ओळी हळू आवाजात म्हणाली. तो ठेका धरायचा, ती ठेक्याच्या कडेकडेने निघून जायची. तो सम शोधत होता आणि ती समेला चुकवत होती. दोघं दोनदा थांबले, तिसऱ्यांदा ढोलकीवाल्याने कानाला हात लावला. “बाई, तुमी गल्ली बदलताय, सांगत न्हाई,” तो म्हणाला.

हौशीराम बाजूला पालथ्या घमेल्यावर बसले होते. दोऱ्या हाताला तशाच होत्या, बोटं सुजून त्या आता निघत नव्हत्या. ललिता स्वतःशीच पहिली ओळ गुणगुणत होती आणि त्यांच्या मनात दुपारची मिरवणूक अजून चालूच होती. नकळत त्यांचे हात हलले. झांज वाजली. अर्थात लेट.

ललिताने झटकन वळून पाहिलं.

“आप्पा, ते पुन्हा करा.”

“चुकून झालं गं. माफ कर.”

“नाही, नाही. पुन्हा चुका. तसंच.”

“तसंच म्हणजे?”

“दुपारी चुकत होता ना, तसंच.”

हौशीराम चुकले. ललिता गायला लागली. ते पुन्हा चुकले आणि प्रत्येक वेळी, ठोका पडायच्या जागी न पडता जरासा मागाहून पडायचा, तिथे ललिताचा आवाज टेकायचा आणि उडी मारायचा. आंटी उठून उभ्या राहिल्या. त्यांचा हात आपोआप मांडीवर पडायला लागला, तोही मागाहून.

“हौशीराम,” त्या हळू म्हणाल्या, “हे बरोबर करायचा नाही. बरोबर केला तर मी तुला मारणार.”

पोपटरावांनी माइकवर पुकारलं. ‘दौंडच्या कुमारी ललिता सोनवणे, आणि झांजेवर…’ इथे ते थांबले, खाली वाकून संपतला विचारलं, आणि मग कष्टाने म्हणाले, ‘झांजेवर तिचे वडील.’

आंटींसाठी पुढे एक खुर्ची ठेवली होती. पण पुढे बसलेल्या म्हाताऱ्या ताईबाईंनी त्यांचा फ्रॉक धरून खाली ओढलं. “ये बाय, हितं बस. खुर्चीवर बसलीस तर माझ्या म्होरं तुझी टोपीच यील.” आंटी बसल्या, टोपी काढून मांडीवर घेतली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ललिता त्यांच्या समोर होती.

ललिताने माइक खाली केला. समोर माणसंच माणसं, त्यांच्यावर तिन्हीसांजेचा निळा उजेड, वर पताका हलत असलेल्या. ती गायला लागली. गाणं इंग्रजी नव्हतं.

‘इंजिन गेलं, राख राहिली,
राखेत आजीनं चूल पाहिली.
काळं गं बोट, काळी टोपली,
धुरात माझी माय झोपली.’

हौशीरामांचा हात हवेतच राहिला.

त्यांची आई दौंडच्या यार्डात इंजिनाच्या राखेतून अर्धे जळके कोळसे वेचायची. पाटीभर विकायची, ओंजळभर चुलीला ठेवायची. त्या कोळशावर ते शिकले, परीक्षा दिली, मालधक्क्यावर लागले. हे त्यांनी कॉलनीत कधी कुणाला सांगितलं नव्हतं. ललिताला ते आजीनेच सांगितलं असणार. आणि ‘बाप’ म्हणायच्या जागी पोरीने ‘माय’ घातली होती, म्हणजे आजीच्या पाठीशी बांधलेलं ते मूल मुलगी करून टाकलं होतं. ते मूल म्हणजे ते स्वतः, आत्ता चष्मा घसरलेले, दोन्ही हातांत झांज घेऊन सगळ्या शिरूरसमोर बसलेले.

ललिता थांबली नाही. ठोका आला नाही तिथे तिने जागा तशीच मोकळी सोडली आणि पलीकडे पाऊल टाकलं. मग शब्द सोडले. ‘डुवा ढक्, डुवा डुवा ढक्, शूऽऽ.’ डब्याला डबा भिडला, आवाज रांगेतून लांब लांब गेला. शिरूरला रेल्वे नव्हती, पण त्या संध्याकाळी ताडपत्रीवर बसलेल्या माणसांनी माना वळवून एक गाडी जाऊ दिली. हौशीरामांचा हात खाली आला. पुष्कळ उशिरा. नेमका बसला.

“आता शब्द इसरली व्हय?” मागून कुणीतरी विचारलं.

“गप रे,” ताईबाई मागे न बघता म्हणाल्या. “राख चाळतीया ती.”

त्या स्वतःचे दोन्ही तळवे मांडीवर पालथे-उलथे करत होत्या, चाळणी धरल्यासारखे. शेजारी बसलेल्या आंटींनी ते पाहिलं आणि पुन्हा स्टेजकडे पाहिलं.

गाणं कधी संपलं ते पटकन कळलं नाही. आवाज खाली खाली जात विरला. टाळी नाही, काही नाही. फक्त वर पताकांची फडफड. त्या शांततेत हौशीरामांची एक झांज वाजली.

सगळे हसले. सगळ्यांत मोठ्याने लेझीमवाले. हौशीरामही हसले, आणि नाकावरून चष्मा शेवटी खाली पडला.

पोपटराव घड्याळ बघत माइकजवळ आले. “एकच गाणं ठरलं हुतं. आता कव्वालीची पार्टी—”

“पोपट,” ताईबाई म्हणाल्या, “खाली बस.”

फौजेत इतकी वर्षं काढलेले सुभेदार खाली बसले. स्टेजच्या पायरीवरच.

हौशीराम उतरून आंटींपाशी गेले. त्यांना वाटलं, आंटी रडत असतील. त्या रडत नव्हत्या. एखादी मोठी चूक उशिरा ध्यानात आलेल्या माणसासारख्या बसल्या होत्या.

“आंटी, समोरून कसं वाटलं?”

“हौशीराम,” त्या म्हणाल्या, “मी लई जोरात वाजवत होती.”

“कधी?”

“चार वर्ष. हा आवाज माझ्या घरात होता, आणि मी त्याच्यावर पियानो वाजवत बसली.” त्यांनी ताईबाईंच्या खांद्याला खांदा लावून नीट मांडी घातली, फ्रॉक गुडघ्यावर ओढला. “जा तू वर. तिला सांग, और एक. आणि तूसुद्धा हळू वाजव.”